केंद्रकीतील प्रथिने आणि कर्करोगाची उत्पत्ती

इटलीतील विकृतिशास्त्रज्ञ पियानेसे ह्यांनी १८९६ साली कर्करोगग्रस्त ऊतींचे छेद तपासून अशी नोंद केली की, ह्या पेशींच्या केंद्रकातील केंद्रकी निरोगी पेशींतील केंद्रकीहून मोठी व अनियमित आकाराची असते. पुढील पिढ्यांनी ह्या निरीक्षणाचा निदानासाठी भरपूर उपयोग केला. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पहिल्या तीन श्रेणी आजही केंद्रकी किती ठळक दिसते ह्यावरूनच ठरविल्या जातात. परंतु लक्षण उपयोगी पडले म्हणजे त्याचा अर्थ उमगला, असे होत नाही. वेगाने वाढणाऱ्या पेशीला प्रथिने अधिक लागतात, प्रथिनांसाठी रायबोसोम अधिक लागतात, आणि म्हणून रायबोसोमांचा कारखाना असलेली केंद्रकी फुगते, एवढेच स्पष्टीकरण दीर्घकाळ पुरेसे मानले गेले. धूर दिसला म्हणून धुरानेच आग लागली असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने केंद्रकीची वाढ हा रोगाचा परिणाम होय, कारण नव्हे, असा समज दृढ झाला. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

केंद्रकीला स्वतःचे आवरण नसते. मानवी पेशीत १३, १४, १५, २१ व २२ ह्या गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर रायबोसोमी आर.एन.ए.ची जनुके ओळीने मांडलेली असतात व त्यांच्याभोवती केंद्रकी आकारास येते. तेथे पॉलिमरेज-१ हे विकर एक लांब पूर्वगामी रेणू घडविते आणि त्याच्या छाटणीतून रायबोसोमी आर.एन.ए.चे चारांपैकी तीन प्रकार निघतात. चौथा, म्हणजे ५एस, केंद्रकीबाहेर तयार होऊन आत येतो. त्यांच्याशी सुमारे ८० प्रथिने जोडली जाऊन रायबोसोमाचे दोन उपघटक सिद्ध होतात. केंद्रकी नसलेल्या झेनोपस बेडकाच्या पिलांत नवीन रायबोसोमी आर.एन.ए. बनतच नाही, हे ब्राउन व गर्डन ह्यांनी १९६४ मध्ये दाखविले, तेव्हा केंद्रकीच्या ह्या कार्याविषयी शंका उरली नाही.

ह्या कारखान्यातील दोन प्रमुख कामगारांची नावे प्रथम बी-२३ व सी-२३ अशी होती. द्विमितीय जेलवर त्यांचे ठिपके ज्या जागी उमटले त्या जागांचे ते क्रमांक. आज आपण त्यांना अनुक्रमे न्यूक्लिओफॉस्मिन व न्यूक्लिओलिन म्हणतो. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत चांदीच्या क्षारांनी केंद्रकी काळी रंगविण्याची जी पद्धत आहे, तीत चांदी मुख्यतः ह्याच दोन प्रथिनांशी निगडित होते. त्यामुळे काळ्या ठिपक्यांचे क्षेत्रफळ मोजणे म्हणजे पेशीच्या विभाजनाचा वेग अप्रत्यक्षपणे मोजणेच होय.

इतपत सर्व काही परिणामाच्याच बाजूचे आहे. परंतु मिक ह्या कर्कजनुकाचा अभ्यास होऊ लागला तेव्हा चित्र पालटू लागले. मिकचे प्रथिन पॉलिमरेज-१ चे कार्य प्रत्यक्षपणे वाढविते, हे २००५ च्या सुमारास स्पष्ट झाले. न्यूक्लिओफॉस्मिन व न्यूक्लिओलिन ह्यांची जनुकेही त्याच्या आज्ञेत असतात. म्हणजे पेशी वाढल्यामुळे केंद्रकी मोठी होते असेच केवळ नसून, केंद्रकीला मिळालेली चालना हा पेशीच्या अमर्याद वाढीचा एक भाग असतो.

ह्याहून महत्त्वाचा दुवा पी-५३ ह्या अर्बुदरोधक प्रथिनाकडे जातो. निरोगी पेशीत एमडीएम-२ हे प्रथिन पी-५३ ला सतत नाशाकडे ढकलीत असते. आर्फ नावाचे दुसरे अर्बुदरोधक प्रथिन मुख्यतः केंद्रकीत, न्यूक्लिओफॉस्मिनच्या आधाराने, टिकून राहते आणि प्रसंग पडल्यास एमडीएम-२ ला रोखून धरते. शिवाय रायबोसोमांची जुळणी बिघडली की एल-५ व एल-११ ही रायबोसोमी प्रथिने ५एस आर.एन.ए.सह एमडीएम-२ ला चिकटतात; मग पी-५३ साचते व विभाजन थांबते. रुब्बी व मिल्नर ह्यांनी २००३ मध्ये असे मांडले की, पेशीवर येणारी नाना प्रकारची संकटे केंद्रकीच्या विघटनामार्गेच पी-५३ पर्यंत पोचतात. सर्वच संकटांना हे लागू पडत नसेलही. पण केंद्रकी ही कारखान्याबरोबरच पहारेकऱ्याची चौकीही आहे, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

चौकीचा पहारेकरी पळून गेला तर काय होते, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सापडते. पेरूजिया येथील फालिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५९१ रुग्णांच्या अस्थिमज्जेत प्रतिपिंडांच्या साहाय्याने न्यूक्लिओफॉस्मिनचा शोध घेतला, तेव्हा २०८ रुग्णांत, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांत, ते केंद्रकीत न राहता पेशीद्रवात पसरलेले आढळले. हे कार्य २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण शोधता जनुकाच्या बाराव्या एक्सॉनमध्ये बहुधा केवळ चार न्यूक्लिओटाइडांची भर पडलेली दिसली. तेवढ्याने वाचनचौकट सरकते. प्रथिनाच्या शेपटातील, त्याला केंद्रकीत बांधून ठेवणारे ट्रिप्टोफॅनचे अवशेष नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी केंद्रकाबाहेर नेणारा नवीन संकेत तयार होतो. न्यूक्लिओफॉस्मिनचे पाच रेणू एकत्र येऊन कार्य करीत असल्याने विकृत रेणू निरोगी रेणूंनाही आपल्याबरोबर बाहेर ओढतात. आर्फही त्यांच्यासह पेशीद्रवात जाते व तेथे लवकर नष्ट होते.

येथे घाईने निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. पहारेकरी गेला एवढ्यानेच ल्युकेमिया होत असता, तर निरोगी रेणूंचा अभाव हेच कारण ठरले असते. २०१८ मध्ये दिसून आले की, विकृत प्रथिन पेशीद्रवातून पुन्हा केंद्रकात आणले असता हॉक्स जनुकांचे कार्य मंदावते आणि ल्युकेमियाच्या पेशी परिपक्व होऊ लागतात. त्यानंतरच्या संशोधनात विकृत प्रथिनाचा काही अंश क्रोमॅटिनवर बसून हॉक्स जनुकांना जागे ठेवतो, असेही आढळले. तेव्हा केंद्रकीतून झालेली हकालपट्टी हा कथेचा एक भाग आणि प्रथिनाला नव्याने प्राप्त झालेले कार्य हा दुसरा. प्रस्तुत लेखकास दुसरा अधिक वजनाचा वाटतो.

उलट बाजूने डायमंड-ब्लॅकफॅन पांडुरोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात रायबोसोमी प्रथिनांच्या जनुकांत दोष असल्याने रायबोसोम कमी पडतात, आणि तरीही रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण सामान्यांहून जास्त असते. अधिक रायबोसोम म्हणजे कर्करोग, हे समीकरण किती अपुरे आहे ते ह्यावरून कळावे.

उपचारांच्या दृष्टीने दोन वाटा निघाल्या आहेत. ॲक्टिनोमायसिन-डी अल्प मात्रेत पॉलिमरेज-१ ला रोखते. ह्या जुन्या औषधाचा न्यूक्लिओफॉस्मिन विकृत असलेल्या काही रुग्णांवर उपयोगही करून पाहण्यात आला. अडचण अशी की, अस्थिमज्जा व आतडे ह्यांतील निरोगी पेशींनाही रायबोसोम हवेच असतात. दुसरी वाट मेनिन ह्या प्रथिनाला अडवून हॉक्स जनुके शांत करण्याची आहे. ह्या गटातील रेव्ह्यूमेनिब व झिफ्टोमेनिब ह्या औषधांना २०२५ मध्ये अमेरिकेत, उलटलेल्या वा उपचारांना दाद न देणाऱ्या न्यूक्लिओफॉस्मिन-विकृत ल्युकेमियासाठी मान्यता मिळाली. ह्याखेरीज, विकृत जनुकाचा संदेशवाहक आर.एन.ए. केवळ रोगग्रस्त पेशींतच आढळत असल्यामुळे, उपचारांनंतर तो रक्तात मोजून रोग उलटण्याची चाहूल सूक्ष्मदर्शकाच्या आधीच घेता येते.