बॉटच्या कानाला वास नसतो

कान वाहतोय म्हणून आलेल्या पेशंटला मी आधी विचारतो, "वास येतो का?" बहुतेक जण नाही म्हणतात, कारण आपल्या कानाचा वास आपल्याला येत नाही. मग मी सोबत आलेल्या नवऱ्याकडे नाहीतर सासूकडे बघतो. खरं उत्तर तिथून येतं. भरपूर, चिकट, बिनवासाचा पू आला की माणूस घाबरतो. पण पडद्याला मधोमध भोक असलेला असा कान सहसा जिवावर उठत नाही. थेंबभरच वाहणारा, पण कुजका वास मारणारा कान मला जास्त घोर लावतो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कोलेस्टिॲटोमा, म्हणजे आत शिरून हाड खात जाणारी कातडी असू शकते. ती चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचली तर तोंड वाकडं होतं. मेंदूपर्यंत पोचली तर पुढचं सांगायला नको.

अंबाजोगाईत आणि आसपासच्या गावांत आता पेशंट येण्याआधी चॅटबॉटला विचारून आलेले असतात. टाइप करायचीही गरज नाही, बोललं की झालं. पोरं आईबापासाठी विचारतात आणि मोबाइल माझ्यापुढे धरतात. मला याचा राग येत नाही. "कान फुटलाय" म्हटल्यावर बॉट सांगतो की कान कोरडा ठेवा, तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. यात चूक काय? आमच्याकडे अजून लसूण टाकून कढवलेलं तेल कानात ओततात. घोळणा फुटला की डोकं मागे करून पाणी थापतात, कांदा हुंगायला देतात. बॉट सांगतो, पुढे वाका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, तोंडानं श्वास घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात, रात्री अकरा वाजता, एखाद्या तांड्यावर हे कोण सांगणार होतं?

गडबड होते ती न विचारलेल्या गोष्टींत. एक तरुण आला. तिखट सहन होत नाही, तोंडाची आग होते, एवढंच त्यानं बॉटला सांगितलं होतं. बॉटनं पित्त, जीवनसत्त्वांची कमतरता, तोंड येणं अशी यादी दिली आणि गोळ्या खाण्यात महिने गेले. मी म्हटलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. दोनसुद्धा जाईनात. गाल आतून पांढुरके, पट्ट्यासारखे कडक, गुटखा खाणाऱ्यांचे होतात तसे. गुटख्याचं त्यानं बॉटला सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते खाणं म्हणजे काही आजार नव्हे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती पानटपरीवर किती दिसते, ते इथल्या कुणालाही विचारा.

फोटोचंही तसंच. मोबाइलचा टॉर्च लावून कानाचा फोटो काढतात आणि बॉटला दाखवतात. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, पण वाकडी. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढावा लागतो, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे, तेव्हा कुठे पडदा दिसतो. फोटोत येतात केस आणि मळ. त्यावर बॉट मळाबद्दल छान बोलतो.

अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे गावात डॉक्टरकी शिकणारी पोरं कायम असतात. काही जण संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. त्यांच्या हातात धिंग्रांचं कान-नाक-घशाचं पुस्तक असतं आणि पुस्तकाच्या वर मोबाइल. ट्यूनिंग फोर्कच्या चाचण्या त्यांना बॉटनंच नीट समजावल्यात, हे मी मान्य करतो. रिने आणि वेबर यांत दरवर्षी पोरं गोंधळतात. तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तर माझा आवाज चढतो, बॉटचा चढत नाही. वेबरचं मर्म तर घरीही कळतं: एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून "हं" करा. आवाज बंद कानात जास्त घुमतो. वाट अडलेल्या कानाचं असंच होतं.

पण हाच बॉट संदर्भ मागितला की कधी नसलेला शोधनिबंधही लेखकाच्या नावासकट देतो. परीक्षेत मात्र तो हुशार. अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेत चॅटजीपीटी उत्तीर्णतेच्या काठावर पोचल्याचं २०२३ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. चार पर्यायांतलं एक उत्तर निवडायचं तर माहिती समोर मांडलेलीच असते. ओपीडीत ती एकेक करून काढावी लागते.

म्हणून मी पोरांना सांगितलं, त्याला मास्तर करू नका, पेशंट करा. पहिल्या खेपेला मजा झाली. "ऊसतोड करणारी बाई हो, तुझा कान वाहतोय," असं सांगताच बॉट म्हणाला, "डॉक्टर, मला तीन वर्षांपासून डाव्या कानातून अधूनमधून दुर्गंधीयुक्त स्राव होतो आणि ऐकू कमी येतं." एका वाक्यात अख्खी केस! कुठली बाई असं बोलते? मग आम्ही त्याला बांधत गेलो. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. वासाचं विचारलं तर "नाही" म्हणायचं, सोबतच्या सासूला विचारलं तरच "येतो" सांगायचं. कधीपासून, याला साल सांगायचं नाही, "धाकटा झाला तवापासून" म्हणायचं. दुसऱ्या कानाचं विचारल्याशिवाय काढायचं नाही. तरी तो मध्येच "स्राव" म्हणतो, आणि पोरं त्याला दटावतात.

गेल्या वेळी मी त्या पेशंटला आणखी एक गोष्ट दिली: मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर निघणार, परत यायचं मार्च-एप्रिलमध्ये. पोरांनी पुस्तकाप्रमाणे सीटी स्कॅन आणि ऑपरेशनचा बेत सांगितला. बॉट म्हणाला, "आता न्हाई जमायचं. कोयता दोघांचा हाय." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. खोली गप्प झाली आणि मग वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, साधं भोक असेल तर कान कोरडा ठेवायला शिकवू, अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस घालायला सांगू, पडद्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये करू. दुसरी म्हणाली, पण वास येतोय ना, मग एप्रिलपर्यंत कसं थांबायचं? उचल फेडायला मुकादमाशी कोण बोलणार? तिनं हाच प्रश्न बॉटला टाकला. त्यानं रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा असं सुचवलं, ते चुकीचं नव्हतं. मग तिनं पहिल्यापासून सगळे प्रश्न पुन्हा विचारायला घेतले, या वेळी सुरुवात सासूपासून.