कुंचीचं अस्तर

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत बाळाची कुंची मागायला गेलं, की आधी विचारणा होते : बारशाला हवी की घालायला? बारशाची कुंची खणाची, काठाला जर, टोकाला गोंडे, कपाळावर मोत्यांची झालर. घालायची म्हणजे साधी, सुती, आतून मऊ. शंभर वर्षांपूर्वी या दोन कुंच्या वेगळ्या नव्हत्या. असायची ती एकच, आणि मोठ्याची धाकट्याला व्हायची.

तिची बेतणी बघण्यासारखी आहे. लांबट कापड उभं दुमडायचं आणि वरची कड शिवून टाकायची. घडी पाठीकडे, उघडी बाजू तोंडाकडे. मानेशी चुण्या घालून बंद लावले, की वर डोकं-कान झाकले जातात आणि खाली पाठ. बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत, मापही जवळजवळ नाही. बाळ ओलं झालं तर कुंची नुसती वर सारायची. अंगातून काढावी लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्याच्या उघड्या माळावर पहाटेचं वारं कसं झोंबतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना डोकं आणि पाठ एकाच कापडात झाकण्यातलं शहाणपण समजावून सांगावं लागणार नाही. झबल्याचंही तसंच. चौपदरी घडीवर एकदाच कात्री चालवायची, खांद्यावर जोड येऊ द्यायचा नाही, गळ्याशी बंद. जाणती बाई शिवणीची कड बाहेरच्या अंगाला ठेवते. दिसायला ओबडधोबड, पण बाळाला टोचत नाही.

कापडाची इथे वाण नव्हती. नांदेडची मलमल एके काळी नावाजलेली. आसपासच्या काळ्या जमिनीतला गावरानी कापूस देशी वाणांत उजवा मानला जाई. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात निजामाच्या नावाने नांदेडात उस्मानशाही मिल उभी राहिली आणि गिरणीचं कापड घरोघर आलं. 1974 मध्ये ती मिल सरकारजमा झाली, पुढे बंदही पडली. पण मिलचा भोंगा वाजत असतानाही बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनंच : आजोबांच्या धोतराचं, नाहीतर आजीच्या विरलेल्या लुगड्याचं. पाचवी पुजेपर्यंत, कित्येक घरांत बारशापर्यंत, नवं कापड वर्ज्य. जिची मुलं जगली आहेत अशा बाईकडून अंगडं-टोपडं मागून आणायचीही रीत होती. मुलगा फार नवसाचा असेल तर त्याला परकर नेसवायचा, नाक टोचायचं, नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचं. उद्देश एकच, सटवाईने किंवा मरणाने त्याला किमती समजू नये.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होण्याआधी त्याच काळातल्या जर्मनीकडे एक नजर टाकावी. 1900 च्या सुमाराला त्या पुढारलेल्या देशातही जन्मलेल्या पाच मुलांपैकी जवळपास एक मूल वर्षाच्या आत दगावत होतं. आपल्याकडची स्थिती याहून बरी नव्हतीच. भीती दोन्हीकडे तीच होती, तिच्यावरचे तोडगे मात्र वेगळे निघाले. तिथे तान्ह्या बाळाला पट्ट्यांनी गुंडाळून उशीसारख्या जाड पिशवीत बांधून ठेवायची जुनी पद्धत होती. बाळ उचलायला सोपं, पण हातपाय आवळलेले. श्टुटगार्टचे प्राणिशास्त्रज्ञ गुस्ताफ येगर यांनी 1880 च्या आसपास मत मांडलं, की अंगाला लोकरच लागावी, सूत-ताग आरोग्याला घातक. त्यांच्या मताचे कपडे इंग्लंडपर्यंत खपले. मग सुधारकांची पिढी आली. मूल मोकळं हललं पाहिजे, त्याचे कपडे सैल हवेत, असं ती सांगू लागली. 1907 मध्ये ड्युसेलडोर्फच्या हेंकेल कंपनीने पर्झिल ही धुण्याची पावडर आणली आणि पांढरी दुपटी उकळून शुभ्र करणं हे चांगल्या गृहिणीचं लक्षण ठरलं.

आपल्याकडे त्या पावडरीच्या जागी होती शेगडी. न्हाऊ घातल्यावर वेखंड, ओवा, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकायचा आणि त्या धुरीवर झबली-लंगोट धरायचे. धुरीने जंतू किती मरत होते याचा हिशेब मी मांडणार नाही, आणि कोंडलेल्या खोलीतला धूर तान्ह्या छातीला वाईटच. पण पावसाळ्यात न वाळलेलं कापड त्याने कोरडं आणि उबदार होई, हे खरं. शंभरदा धुतलेल्या धोतराच्या मऊपणाला तर कोणत्याही डॉक्टरने नाव ठेवू नये. जुन्याची सक्ती शकुनापोटी आली असेल. तिचा फायदा बाळाच्या कातडीला झाला.

मुलगे झग्यात तिकडेही असत. चार-पाच वर्षांपर्यंत जर्मन मुलगा आणि मुलगी कपड्यांवरून ओळखू येत नसत. मात्र तिथे कारण सोयीचं होतं, इथल्यासारखं मरणाला चकवण्याचं नाही. झगा सुटला की पोराच्या अंगावर चढे तो खलाशाचा वेश : निळी कॉलर, पांढऱ्या रेघा, छातीवर गाठ. ही टूम मूळची इंग्लंडची. 1846 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मुलाचं अशा वेशातलं चित्र रंगवलं गेलं आणि ती पसरली. दुसऱ्या कैसर विल्हेल्मला आरमाराचं वेड. त्याच्या काळात कील बंदराच्या नावाने ओळखला जाणारा हा पोशाख समुद्र कधी न पाहिलेल्या पोरांनीही रविवारच्या फोटोसाठी घातला. श्टुटगार्टचा विल्हेल्म ब्लायले 1889 पासून विणलेले, टिकाऊ सूट काढू लागला आणि तेही थोरल्याकडून धाकट्याकडे जात. खेड्यातली चामड्याची चड्डी तर भावाभावांत फिरायचीच. यातली बरीचशी पोरं 1914 मध्ये खऱ्या गणवेशात गेली.

इकडे निजामी मुलखात मुलांच्या कपड्यांवर राज्याची छाप वेगळी होती. शिकलेल्या, दरबाराशी संबंध असलेल्या घरांतला मुलगा फोटोत दिसतो तो शेरवानीत, कधी डोक्यावर लाल रुमी टोपी. आणि ही टोपी तरी कुठली? ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलं, बोहेमियातलं स्ट्राकोनित्से हे गाव तेव्हा अशा टोप्या बनवून जगभर धाडत होतं. खणाच्या लालीचंही असंच. मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी 1868 मध्ये बर्लिनला प्रयोगशाळेत घडवला. 1897 मध्ये बीएएसएफने कृत्रिम निळीचा धंदा सुरू केला आणि हिंदुस्थानातली निळीची शेती बसली. महायुद्धाआधी आपल्याकडे येणारे कृत्रिम रंग बहुतांशी जर्मनच. म्हणजे 1910 साली उदगीरकडच्या एखाद्या आजीने खणाच्या तुकड्यातून कुंची बेतली असेल, तर तिच्या लाल रंगात जर्मनीचा हात असणं अगदी शक्य आहे. युद्धात तो माल अडला आणि रंगांचे भाव कडाडले.

खलाशी वेशाने मराठवाड्यात शिरकाव केला तो पुष्कळ उशिरा, तयार कपड्यांच्या गठ्ठ्यांतून. दुकानदार त्याला बाबासूट म्हणतात. छातीवर नांगराचं चित्र असलं तरी कील कुठे आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. झबलं-टोपडं आता डब्यात बंद संच म्हणून मिळतं, कानटोपी नायलॉनची. कुंची मागे पडली असं वाटत असतानाच बारशाच्या फोटोंनी तिला पुन्हा वर काढलं. खण इरकलीसारखाच फॅशनमध्ये आला, त्यामुळे गुळेदगुड्डचं कापड लातुरात पुन्हा खपतं. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळी कुंचीही मिळते, हलव्याच्या दागिन्यांसकट.

नव्या कुंच्यांबद्दल माझी तक्रार अस्तराची आहे. वरून खण, आतून चकचकीत सॅटीन, आणि मोती गरम गोंदाने चिकटवलेले. बाळ तासाभरात घामेजतं, डोकं झटकतं, रडतं. फोटो तेवढा चांगला येतो. सुटलेला मोती तोंडात जायची भीती निराळीच. घरी शिवणाऱ्या बाया अजून आत धोतराचा नाहीतर मलमलीचा तुकडा घालतात आणि गोंडे दोऱ्याने पक्के टाचतात. दुकानातून घ्यायची असेल तर कुंची उलटी करून बघावी, बोट आतून फिरवावं. सॅटीन लागलं तर मलमलीचं अस्तर घालून मागावं. बहुतेक शिंपी तेवढं काम आनंदाने करून देतात.