हक्का म्हणजे फक्त नूडल्स नव्हेत!

चायनीजच्या गाडीवर ‘हक्का’ हा शब्द नूडल्सना चिकटूनच येतो. प्रत्यक्षात हक्का हा एक समाज आहे. नावाचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’. उत्तर चीनमधून शतकानुशतके दक्षिणेकडे सरकत आलेले हे लोक पुढे तैवानला पोहोचले आणि कोलकात्यालाही. तिथल्या टांगरा भागात त्यांनी चामडे कमावण्याचे कारखाने काढले, नंतर हॉटेले.

हक्का घरातली चव अनुभवायची तर तैवानमधील शिनचू परगण्यातले बेइपू गाव गाठावे. सुटीला इथे सहकुटुंब गर्दी होते ती ‘लेइ चा’साठी, म्हणजे वाटलेल्या चहासाठी. आतून खाचा असलेल्या मातीच्या भांड्यात चहाची पाने, तीळ, शेंगदाणे घालून लाकडी दांड्याने घोटायचे, तेही तेल सुटेपर्यंत. मुले लवकरच दमतात. दांडा मोठ्यांच्या हाती जातो. मग गरम पाणी आणि वरून कुरमुरे. जेवणात सुके म्हाकूळ, डुकराचे मांस आणि टोफू एकत्र परतलेले. नैवेद्यातले उरलेले जिन्नस वाया जाऊ नयेत म्हणून हा पदार्थ जन्मला, असे सांगतात.

पदार्थ टिकले, भाषेचे अवघड आहे. शाळांतून अनेक दशके मँडरिनचीच सक्ती होती. डिसेंबर १९८८ मध्ये ‘आमची मातृभाषा परत द्या’ म्हणत हक्का लोकांनी ताइपेइत मोर्चा काढला. २०१८ मध्ये हक्काला राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला. तरीही अनेक घरांत आजी हक्कात विचारते, नातवंडे मँडरिनमध्ये उत्तर देतात.