छप्पनचे तीस कसे होतात?

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे सोडवणे बहुतेकांना जमते. गाडी अडते ती अंकांच्या शाब्दिक उदाहरणावर. ट्रॉम्बेकरांसाठी घरचाच आकडा घेऊ. भारताची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' इथे 4 ऑगस्ट 1956 रोजी कार्यान्वित झाली. त्यातले 56 लपवून प्रश्न घालायचा: दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 11, अंकांची अदलाबदल केली की संख्या 9 ने वाढते, तर ती संख्या कोणती?

दशकस्थानचा अंक 'द', एककस्थानचा 'ए' मानू. (पुस्तकात एक्स-वाय असतात, बिघडत काही नाही.) आता संख्या 'दए' लिहिली की घात झाला. बीजगणितात शेजारी-शेजारी अक्षरे म्हणजे गुणाकार, म्हणून पाच-सहाचे होतात 30! खरी संख्या 10द + ए, उलटी केलेली 10ए + द. वजाबाकी केली की 9ए − 9द = 9, म्हणजे ए − द = 1. यात द + ए = 11 मिळवा: 2ए = 12, ए = 6, द = 5. पडताळा, 65 − 56 = 9.

'मुलांना स्थानिक किंमतच कळत नाही' असे आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पुरते पटत नाही. 'छप्पन' म्हणताना सहा आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली, त्यामागे ही अडचणही होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली. थट्टाच जास्त झाली.

घरी उदाहरणे रचणारे पालक 'अदलाबदल केल्यावर 20 ने कमी' असे काहीही देतात. तसे होत नाही. फरक नेहमी 9 च्या पटीत येतो. 'ध्रुव' अणुभट्टीचे 1985 घ्या: 85 − 58 = 27.

दोन अटी दिल्या म्हणजे उत्तर एकच, हेही खरे नाही. 'अंकांची बेरीज 11' आणि 'संख्या व तिची उलटी मिळून 121' या अटी दोन दिसतात. दुसरीला 11 ने भागा, पहिलीच हाती येते. मग 29, 38, 47 पासून 92 पर्यंत आठ संख्या बसतात.

राहिली 'सायरस' अणुभट्टी, 1960 ची. 60 उलटले की 06. समीकरण ते मुकाट्याने 6 मानते. 'उलटी संख्याही दोन अंकी' अशी अट असेल, तर 60 आपल्यालाच वगळावे लागते.