ऑयलरची दोन अब्जांची मूळ संख्या

२,१४,७४,८३,६४७. १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही या संख्येला निःशेष भाग जात नाही, असे लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये योहान (तिसरा) बर्नुलीला पत्रातून कळवले. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

३१ वेळा २ घेऊन गुणाकार करा, त्यातून १ वजा करा, की ही संख्या मिळते. अशा संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मर्सेनचे नाव आहे. अशी मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या त्याच्या १६४४च्या यादीत ३१ होता, पण त्याच यादीतला ६७ पुढे चुकीचा ठरला. म्हणून सिद्धता हवीच होती.

सरळ मार्गाने जायचे तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. ऑयलरने आधी भाजकांनाच चाळणी लावली. समजा, एखाद्या मूळ संख्येने भाग गेला. मग तिने २, ४, ८, १६... यांना भागल्यावर उरणारी बाकी ३१व्या पायरीला १ होते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. ३१ स्वतः मूळ असल्याने चक्र त्याहून लहान असू शकत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार भाजकाहून एकाने कमी असलेल्या पायरीलाही बाकी १च येते. तेव्हा भाजकातून १ वजा केल्यास उरते ती संख्या ३१च्या पटीत हवी, आणि भाजक विषम असल्याने ६२च्या पटीत. आणखी एका कसोटीनुसार भाजकाला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यावी लागते. या दोन अटींतून ऐंशीच्या आसपासच मूळ संख्या उरतात. पहिली ३११. भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. पुढच्या १३०३नेही भाग जात नाही, आणि शेवटपर्यंत कोणानेच नाही. एवढा थोडा हिशेब आणि एवढा पक्का निकाल, हे मला आजही थक्क करते.

१८६७ पर्यंत हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. तिच्यापासून बनणारी १९ अंकी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीजच्या भाजकांच्या बेरजेइतकी असणारी) शेवटचीच ठरेल, असे पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले. निरुपयोगी कुतूहलापायी पुढे कोण शोधत बसणार, असे त्याला वाटले.

चिन्हासह ३२ बिटांच्या संगणकी पूर्णांकाची कमाल मर्यादा नेमकी २,१४,७४,८३,६४७ आहे. सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तिथे पोहोचतील. पण त्यात तिच्या मूळ असण्याचा काही संबंध नाही. तो संबंध यादृच्छिक आकडे तयार करताना येतो. १ घ्या, १६,८०७ने गुणा, या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच करा. १६,८०७; २८,२४,७५,२४९; १,६२,२६,५०,०७३... मोठ्या मूळ संख्येने भागायची कल्पना डी. एच. लेहमरची. १६,८०७ हा गुणक घेऊन ही पद्धत किमान प्रमाण म्हणून वापरावी, असे पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सुचवले. भाजक मूळ असल्याने आणि गुणक नेमका निवडलेला असल्याने १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदाच येतो आणि मगच चक्र पुन्हा सुरू होते. गुपिते राखायला मात्र ही पद्धत चालत नाही. एक आकडा हाती लागला की पुढचे सगळे कोणालाही काढता येतात.