घड्याळ मालकाचे, दंड ड्रायव्हरला

सिल्लोड तालुक्यातील हिरवी मिरची हंगामात रोज दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. दिवसभर तोडणी, दुपारनंतर वजनकाटा, संध्याकाळी भरणी आणि रात्री गाडी रवाना, असा हा व्यवहार आहे. वाशीचा भाजीपाला बाजार पहाटेच उभा राहतो. तेथे उशिरा पोहोचलेल्या मालाला भाव मिळत नाही, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. म्हणूनच बिल्टी हातात देताना ड्रायव्हरला एकच वाक्य ऐकवले जाते, "चार वाजता गाडी लागलीच पाहिजे." या वाक्याची कायद्याच्या दृष्टीने किंमत काय आहे, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही.

पूर्वी रस्त्यावरचा हवालदार डोळ्यांनी वेग जोखत असे. बेफाम गाडी थांबवली जाई. ६० ची मर्यादा असताना ६८ ने जाणाऱ्या गाडीकडे कोणी पाहत नसे. आता महामार्ग पोलीस व परिवहन विभागाच्या गाड्यांमध्ये वेग मोजणारी यंत्रे आली आहेत, मोठ्या रस्त्यांवर कॅमेरे बसले आहेत. यंत्राला ६८ म्हणजे ६८. चलान जागेवर मिळत नाही, मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो, आणि तोपर्यंत गाडी दुसरी खेप टाकून परत आलेली असते.

मर्यादा काय आहेत ते आधी पाहू. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, तर शहराच्या हद्दीत व इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. मोटारसायकलींनाही तशीच ८० आणि ६० ची मर्यादा आहे. रिक्षासारख्या तीनचाकींना चौपदरीवरसुद्धा ५० च. या मर्यादा कमाल आहेत. शाळा, बाजार, घाट अशा ठिकाणी राज्य शासन त्या आणखी कमी करू शकते, मात्र तेथे तसा फलक लावणे कायद्याने आवश्यक आहे.

अनेक गाडीमालकांची तक्रार असते की गाडीला गव्हर्नर बसवला आहे, मग चलान कसे आले? गव्हर्नर गाडीला सर्वसाधारणपणे ८० च्या पुढे जाऊ देत नाही, एवढेच. गोळेगाव किंवा अजिंठा गाठताना रस्त्याची मर्यादा ६० असेल, तर ती त्या यंत्राला कशी कळणार?

दंड आता पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड ठरला. त्याआधी पहिल्या गुन्ह्याला कमाल ४०० रुपये होते. महाराष्ट्राने ही दुरुस्ती डिसेंबर २०२१ पासून लागू केली. मर्यादा ८ ने ओलांडली काय किंवा ३० ने ओलांडली काय, या कलमात फरक नाही. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्याच्या हाती एका खेपेत किती उरते याचा हिशेब केला, म्हणजे एक चलान त्याला किती जड जाते हे ध्यानात येईल.

त्याहून मोठे नुकसान लायसन्सचे. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ साली राज्यांना निर्देश दिले, की वेगमर्यादा मोडणाऱ्याचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त करण्याची तरतूद कायद्यातही आहे. ज्याच्या घरात ड्रायव्हिंगशिवाय दुसरे उत्पन्न नाही, त्याच्या घरची चूल तीन महिने कशी पेटणार?

आठ किलोमीटरने असे काय बिघडते, हा प्रश्न गैरवाजवी नाही. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. कोरडा रस्ता, सारखेच ब्रेक, आणि समोर बैलगाडी दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, असे धरू. ६० च्या वेगाने येणारी भरलेली गाडी सुमारे ४५ मीटरमध्ये थांबेल. ६८ ने येणारी गाडी त्याच ठिकाणी अद्याप ताशी सुमारे ३५ किलोमीटरने धावत असेल. म्हणजे पहिली गाडी बैलगाडीच्या मागे उभी राहील आणि दुसरी तिच्यावर जाऊन आदळेल. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. पंचनाम्यात अतिवेग लिहिणे सोपे असते, हे खरे. रस्त्यातला खड्डा, न पेटलेला टेललाइट किंवा चालकाची झोप तितक्या सहजपणे कागदावर येत नाही. तरीही ४५ मीटरचा हिशेब त्यामुळे बदलत नाही.

या जादा वेगाने वाचते तरी किती? सिल्लोड ते संभाजीनगर सुमारे ६५ किलोमीटर. ६० ऐवजी ६८ ने गेल्यास कागदावर साडेसात मिनिटे वाचतात, आणि मधल्या गावांत, गतिरोधकांवर व वळणांवर त्यांतलीही निम्मी जातात. मुंबईपर्यंतच्या सुमारे ४०० किलोमीटरला कागदावर ४७ मिनिटे वाचतात. ही ४७ मिनिटे कमी नाहीत, हे मान्य केले पाहिजे. बाजार हुकला तर पट्टीत फरक पडतो. पण ती रस्त्यावरच कमावली पाहिजेत असे कोणी सांगितले? संध्याकाळी काट्यावर गाड्यांची रांग, हमालांची वाट पाहणे, शेवटच्या दहा गोण्यांसाठी गाडी अडवून धरणे, यात तास-दीड तास सहज जातो. तो वेळ मालकाच्या अंगणात वाया जातो आणि त्याची भरपाई ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवर करायची, असा हा रिवाज पडला आहे. चलान मालकाच्या नावावर येते, पण पुष्कळ ठिकाणी ते ड्रायव्हरच्या पगारातून वळते होते.

कलम १८३ मध्ये याच रिवाजाबद्दल दोन तरतुदी आहेत. नोकरीतील किंवा आपल्या ताब्यातील माणसाला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणाराही दंडास पात्र आहे. आणि पोटकलम ४ असे, की अमुक वेळेत प्रवास पूर्ण करावा अशी सूचना कोणी दिली, आणि मर्यादा मोडल्याशिवाय तो प्रवास शक्य नव्हता असे न्यायालयाचे मत झाले, तर ती सूचनाच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. आजकाल अशा सूचना व्हॉट्सॲपवर दिल्या जातात, आणि त्या तारीख-वेळेसह शिल्लक राहतात! तेव्हा "रात्री साडेदहाला सोडली, पहाटे चारला वाशी" असा निरोप धाडण्यापूर्वी ४०० भागिले साडेपाच हा हिशेब व्यापाऱ्याने करून पाहावा. वाटेत एकदाही न थांबता ताशी ७३ किलोमीटरची सरासरी येते. समृद्धी महामार्गावर मालवाहू गाडीची मर्यादा ८० आहे, पण तेथे पोहोचेपर्यंतचा आणि तेथून उतरल्यानंतरचा रस्ता समृद्धी नाही.

रमजानमध्ये हीच घाई वेगळ्या रूपात दिसते. असरनंतर रस्त्यावर असलेला प्रत्येक जण मगरिबपूर्वी घर गाठू पाहतो. दिवसभराच्या रोज्याने थकलेला ड्रायव्हर आणि मावळतीचा उजेड, या वेळी ६८ चे ७८ कधी होतात ते कळत नाही. चार खजुरा व पाण्याची बाटली केबिनमध्ये ठेवली, तर रस्त्याच्या कडेला थांबून रोजा सोडता येतो. मालकाने त्या महिन्यात दुपारच्या खेपा लवकर सोडाव्यात.

शासनाची बाजू मात्र निर्दोष आहे असे नाही. संभाजीनगर ते अजिंठा या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. तेव्हा ६० चा वेग कोणाला मिळत नव्हता. धूळ आणि खड्डे खाऊन गाड्यांचे पाटे मोडले. रस्ता सुधारला की यंत्र लगेच येते, फलक मागाहून लागतात, ही तक्रार वाहतूकदार करतात. बोरघाटात जड गाड्यांना ताशी ४० ची मर्यादा घालून धडाधड चलाने निघाली, तेव्हाही नाराजी झाली. १ जुलै २०२५ पासून राज्यातील मालवाहतूकदारांनी जो संप केला, त्याचे मुख्य कारण ई-चलानच होते.

चलान चुकीचे वाटले तर गप्प बसू नये. २०२१ साली केंद्राने घालून दिलेल्या नियमांनुसार वेग मोजणारे यंत्र प्रमाणित असले पाहिजे, ते बसवल्याची सूचना रस्त्यावर आधी दिसली पाहिजे, आणि चलानसोबत गाडीचा नंबर, ठिकाण, तारीख, वेळ व मोजलेला वेग दाखवणारे छायाचित्र असले पाहिजे. केवळ एका साक्षीदाराला "वेग जास्त वाटला" म्हणून शिक्षा होऊ शकत नाही. यंत्राचा आधार लागतो. छायाचित्र उघडून नंबर आपलाच आहे का ते पाहावे, जागा ओळखावी, तेथे मर्यादेचा फलक नसेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा आणि ई-चलानच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. प्रलंबित चलाने लोकअदालतीतही निकाली निघतात.

आपल्याकडे जुन्या गाड्यांचा व्यवहार स्टॅम्पवर होतो आणि नाव बदलायचे राहून जाते. गाडी सिल्लोडात चालते, मोबाइल नंबर मात्र नोंदणीत पहिल्या मालकाचा. संदेश त्याला जातात. तो वैतागतो किंवा दुर्लक्ष करतो. इकडे घेणाऱ्याला पत्ताच नसतो, आणि एके दिवशी नाक्यावर गाडी अडवली की जुन्या चलानांची यादी समोर येते. गाडी घेतल्यापासून ३० दिवसांत परिवहन कार्यालयात नाव चढवून घ्यावे आणि त्याच वेळी आपला चालू मोबाइल नंबर द्यावा.