रविवारी करून देतो!

दिवाळीपूर्वी माळा झाडायला घेतला, की घरातलं एखादं जुनं देणं बाहेर पडतंच. गेल्या वर्षी आमच्याकडे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून निघालं. डब्यात एक प्लॅस्टिकचा शिपाई होता, कंबरेतून दोन तुकडे झालेला.

हा 'जी. आय. जो' मी 1994च्या दिवाळीत मुलासाठी घेतला होता. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. पुढच्या मे महिन्यात खेळणं मोडलं आणि दोन्ही तुकडे घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. मी कारखान्यात फिटर. "रविवारी करून देतो," म्हणालो. तो रविवार ओव्हरटाइममध्ये गेला, पुढचा एका लग्नात. मग मुलाने विचारणंच सोडून दिलं. दिवसभर लोकांची यंत्रं जोडणाऱ्या बापाला घरातलं वीतभरही नसलेलं खेळणं जोडायला सवड झाली नाही.

या शिपायाचा जन्म अमेरिकेतला. 1964 मध्ये हॅस्ब्रो कंपनीने तो बाजारात आणला, तेव्हा तो चांगला फूटभर उंच होता. 'बाहुली' म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत, या धास्तीने त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' असं नाव दिलं गेलं. आपल्याकडे ही अडचण नव्हती. बाहुला-बाहुलीच्या लग्नात भाऊही वरातीत असायचेच! 1982 मध्ये त्याचा पावणेचार इंची अवतार आला आणि पुढे भारतात फनस्कूलने तो घरोघरी पोहोचवला.

पाठीतला एकुलता एक स्क्रू काढला आणि उमजलं. छातीच्या दोन शिंपल्या, त्यांत अडकवलेलं डोकं आणि हात. पाय एका धातूच्या आकड्यावर बसवलेले. हा आकडा कंबरेतून वर येतो आणि एक रबरी कडी त्याला छातीशी ताणून धरते. सगळा पराक्रम त्या कडीवर! ती तुटली, एवढंच झालं होतं. नळाचं सामान विकणाऱ्या दुकानात तशी कडी पाच रुपयांत मिळाली. पाच रुपये आणि दहा मिनिटं. इतक्यासाठी मी एक रविवार तीस वर्षं लांबवला होता.

जोडायला बसलो, पण हात थांबला. सुटे भाग कागदावर ओळीने मांडले होते, ते मला स्कूटरच्या मॅन्युअलमधल्या आकृतीसारखे दिसले. मोजले तर अकरा. ठरवलं, की याची चौकट करायची.

ज्यांना असं काही करून पाहायचं असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. भाग कोमट साबणपाण्याने धुवावेत. थिनर लावू नये, तो रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातो. कोपर-गुडघ्यांचे रिव्हेट उपसू नयेत, ते पुन्हा बसत नाहीत. फ्रेमवाल्याकडून इंचभर खोल चौकट करून घ्यावी, म्हणजे काच भागांना टेकत नाही. मांडणी शरीराच्याच क्रमाने, मध्ये बोटभर जागा सोडून करावी. उरलेली जोडणी बघणाऱ्याचे डोळे करतात. झटपट चिकटणारा गोंद टाळावा, त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढुरका थर धरतो. त्याऐवजी मागच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून बारीक तारेने भाग बांधावेत. उन्हाची आणि ओल येणारी भिंत नको.

मोडक्या-सुट्या वस्तूंतून कला करणारे थोर लोक होऊन गेले आहेत. पिकासोने 1951 मध्ये माकडिणीचं शिल्प केलं, तेव्हा तिच्या तोंडासाठी मुलाच्या दोन खेळण्यातल्या मोटारी वापरल्या. न्यूयॉर्कचा जोसेफ कॉर्नेल जन्मभर काचेच्या पेट्यांत जुन्या चीजवस्तू मांडत राहिला. 1972 मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्याने खास मुलांसाठी प्रदर्शन भरवलं आणि पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या. ही गोष्ट मला फार आवडते. म्हणून आमची चौकटही मी खालीच टांगली, सहा वर्षांच्या नातीला दिसेल अशी.

पाडव्याला मुलगा, सूनबाई आणि नात आले. मुलगा चौकटीपुढे बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, "उशीर झाला रे."

"बाबा, मला वाटलं होतं तुम्ही टाकून दिलात," तो म्हणाला. "मी मोडला म्हणून रागावला असाल."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी विसरलो, याचीच खंत मला होती. पोर मात्र चूक स्वतःकडे घेऊन बसलं होतं. मोठ्यांच्या 'नंतर बघू'चा अर्थ मुलं आपापल्या परीने लावतात आणि तो बोलून दाखवत नाहीत.

तेवढ्यात नातीने काचेवर बोट ठेवलं. "आजोबा, ही काळी बांगडी कसली?"

"ती नवी आहे. घातली, की तो उभा राहील."

"मग घालू या ना!"

चौकटीच्या मागे मी खिळे ठोकले नव्हते, स्क्रू लावले होते. जन्माची सवय. त्या दुपारी पंगत उठल्यावर आम्ही तिघे पेचकस घेऊन जमिनीवर बसलो. आकडा धरायला मुलगा, कडी ओढायला नात. मी फक्त स्क्रू आवळला.

चौकट सध्या भिंतीवर रिकामीच आहे. शिपाई नातीकडे आहे. परवा फोनवर तिने सांगितलं, की त्याचा एक हात सैल झालाय. वार कुठला, हे न बघता मी एस.टी. पकडली.